भाजल्यावर लावणे

आदरणीय मीनाआत्यास,

धम्मप्रियाचा जुळे सोलापुरातून मनापासून जय भीम. तुझा गुडघा आता मांडी घालू देतो का? शेळी व्याली का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (‘सगळे’मध्ये माझ्या डाव्या हाताची दोन बोटं धरू नकोस.) फोन करायचा सोडून पत्र का लिहिते, असं तू म्हणशील. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि बचत गटाच्या अकराही बायका ऐकतात. जे सांगायचंय ते अकरा बायकांपुढे सांगायचं धाडस माझ्यात नाही. तुमच्या शेजारचे चनबसप्पाकाका रोज मंद्रूपहून मोटारसायकलवरून इकडे एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात येतात, त्यांच्या हाती हे पाकीट देते. परवा बाजारात गटाचा स्टॉल लागायच्या आत, एकटी असताना वाच.

गुरुवारी भाकरी उलटताना तव्याची कड बोटांना लागली. एवढंच झालं. पण आपल्याकडे भाजलेलं माणूस एकटं राहत नाही. बाबा टूथपेस्ट घेऊन धावले. वरच्या मजल्यावरच्या मथुराबाई शाईची बाटली घेऊन उतरल्या. (शाईचं पेन या घरात दहा वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, बाटली मात्र खास भाजण्यासाठी ठेवलेली.) धाकट्या सिद्धांतने मोबाइलमध्ये बघून कच्चा बटाटा सांगितला आणि लगेच दुसऱ्या माणसाचा व्हिडिओ बघून नको म्हणाला. मी कुणालाच हात लावू दिला नाही, कारण काय लावायचं ते आधी नीट वाचून ठरवावं, ही तुझीच शिकवण. शाळेत घालायच्या आधी तूच मला पत्र्याच्या डब्यांवरची अक्षरं वाचायला शिकवलंस.

म्हणून मी कोपऱ्यावरच्या विरेशच्या मेडिकलमध्ये गेले. त्याने काउंटरवर पाच ट्यूबा मांडल्या आणि विचारलं, “ताई, बरं व्हायला पाहिजे का दिसायला पाहिजे?” मला कळेना. तो म्हणाला, “तपकिरी लावलं की ऑफिसात रजा मिळते, घरात भांडी सुटतात. पांढरं लावलं तर नुसतं बरं होतं की. म्हणून पांढऱ्याला गिऱ्हाईक कमी.” मी पाचही खोक्यांतले कागद उलगडून उभ्या उभ्या वाचायला लागले. तिसऱ्या कागदावर ‘क्वचित पुरळ, क्वचित चक्कर’ वाचलं आणि मला चक्कर आल्यासारखं वाटलं. (ट्यूब अजून उघडलीही नव्हती.) मागे सात माणसं खोळंबली होती. विरेश हात जोडून म्हणाला, “ताई, घरी काय असंल ते लावा, पण जागा सोडा.”

घरी तुझी डबी होती. तू नमुना म्हणून पाठवलेल्या दोन डब्यांपैकी एक. झाकणावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, ‘भाजल्यावर लावणे’. अक्षर माझंच. गेल्या महिन्यात तुझ्या चाळीस डब्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या आणि त्या दोन शब्दांचं शुद्धलेखन तीनदा तपासलं. आत लसणाचा वास आला, तो मी औषधाचा मानला. हिरवे कण दिसले, ती वनस्पती मानली. भरपूर लावलं.

आत्या, ते मिरचीचं होतं.

कडक भाकरी भाजल्यावर लावायचं लसूण-मिरचीचं तूप! आणि माणूस भाजल्यावर लावायचं मेण, खोबरेल आणि कोरफडीचं मलम दुसऱ्या डबीत. तू फोनवर म्हणाली होतीस, “दोन्हीवर त्येच लिव्ह, भाजल्यावर लावणे. उगं शाई घालवू नगंस.” आणि मी, जी दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते, तिने विचारलं नाही की काय भाजल्यावर.

मी ओरडले तेव्हा बाबा जेवत होते. दुसरी डबी त्यांच्या ताटाशी होती. “मीनाच्या हातची चव बदलली,” ते म्हणाले, “जरा मेणचट आहे, पण अंगी लागेल.” दोन भाकऱ्या झाल्या होत्या. दोघांना घेऊन सिद्धांत दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना ‘काही होत नाही’ म्हणून परत पाठवलं. मला मात्र चांगलंच ऐकवलं: भाजलं की आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, आणि स्वयंपाकघरातलं काहीही लावायचं नाही. मग विरेशकडचीच पांढरी ट्यूब लिहून दिली.

तेव्हा आत्या, परवा त्या चाळीस डब्या अशाच विकल्या तर निम्मं मंद्रूप बोंबलेल आणि निम्मं मेण खाईल. गटाचं नाव तू तीन वर्षं खपून कमावलंयस, ते माझ्या सुवाच्य अक्षराने जायला नको. पाकिटात नव्या चिठ्ठ्या आहेत. वीस ‘कातडीसाठी’, वीस ‘पोटासाठी’. प्रत्येक डबी उघडून, हुंगून मगच चिकटव.

चुकीबद्दल मान खाली घालून,
तुझी धम्मप्रिया

ता. क. खरं मागणं हे की जुन्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते गटात सांगू नकोस. त्या बायका पोरींना माझं उदाहरण देतात.

ता. क. २. आत्ता मथुराबाई आल्या होत्या. त्यांनी गेल्या आठवड्यातच चिठ्ठी वाचून, औषध समजून, माझ्याकडून त्या डबीतलं थोडं तूप वाटीत नेलं होतं, ते कोपराच्या चटक्याला लावलं म्हणे. मी रडकुंडीला येऊन खरं सांगितलं. तर म्हणाल्या, “म्हनूनच लई झोंबलं! झोंबंल तेच औषद. आनी दोन डब्या ठेव मला.” पांढऱ्या ट्यूबला गिऱ्हाईक का नाही ते समजलं.

ता. क. ३. ‘पोटासाठी’ चिठ्ठ्या लावू नकोस. मथुराबाईंनी टेबलावरची एक वाचली आणि विचारलं, “जेवायच्या आधी चोळायचं का नंतर?” परवा पहिल्या एसटीने मीच येते. स्टॉलवर बसून प्रत्येकाला तोंडी सांगेन. तू फक्त बाबांना फोन करून ‘धम्मप्रियाला स्टॉलला पाठव’ म्हण.