टिकलीचं भुजंगप्रयात

मुलुंड, ता. ८ डिसेंबर १९५४

चि. सौ. कुंदा हीस,
भाऊचे अ. उ. आ. वि. वि.

टक्-टाक्-टाक्, टक्-टाक्-टाक्. आज सकाळी दुधाच्या वाटीवर चमचा आपटला आणि कानात पन्नास वर्षांपूर्वीचा आमच्या मास्तरांचा रूळ मेजावर वाजू लागला. त्यामागून सगळा वर्ग एका सुरात असा काही गर्जायचा की भिंतीवरचा नकाशा हलायचा! मी तंद्रीत गेलो. टिकलीने मात्र एक कान हलवला. ती इथे आल्यापासूनची तिची तेवढीच हालचाल.

तू बजावल्याप्रमाणे दार-खिडक्या लावून ठेवतो. डोंगरावरून बिबट्या उतरतो अशी इथे बोलवा आहे; वाण्याचं कुत्रं दिसेनासं झालंय. शिवाय मुलुंडची थंडी तुमच्या वर्सोव्यासारखी गुळमुळीत नाही. दोन गोधड्या लागतात, आणि दोन्ही टिकलीच घेते. सुकत्या बोंबलांखाली दिवसभर उंडारणारी ही वाघाची मावशी इथे उशीसारखी पडून असते. धड खातही नाही. जयवंतरावांच्या दम्यापायी थंडीपुरती माझ्याकडे पाठवलीस. उन्हाळ्यात परत न्यायला ती शिल्लक राहावी, एवढंच. घरात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकण्याची मला सवय लागत चालली आहे.

मुलांना गोड पापा. जयवंतरावांना नमस्कार, तुझ्यावरची माया नेहमीचीच.

भाऊ

वर्सोवा, ता. १२ डिसेंबर १९५४

ती. भाऊस,
कुंदाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले. मांजरासाठी शोकसभा काय भरवतोस रे? तिला खेळव ना! दाराच्या कडीला चिंधी लोंबकळव. नाड्याला कागदाचा बोळा बांधून ओढ. चहाचं रिकामं खोकं दे लपायला. सुकटाचे तुकडे घरभर लपव, शोधत फिरेल. दमली की आपोआप खाईल. फक्त तुझ्या कविता ऐकवू नकोस. दारं बंद, बिचारी पळणार कुठे?

यांना तिचं नाव काढलेलं खपत नाही. म्हणतात, अवदसा गेली, माझी आरामखुर्ची मला परत मिळाली. आणि बसतात मात्र बाकावर. आपल्याला मासळी देणारा धाकू टिकलीला मागतोय. त्याच्या होडीवर उंदीर फार झालेत. तुझ्याच्याने होत नसेल तर तसं कळव.

प्रकृतीला जप. लोभ कर, कंटाळा करू नकोस.

तुझी कुंदा

वर्सोवा, ता. २१ डिसेंबर १९५४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या शेजारच्या सुगंधाबाईंचं कार्ड आलं आणि माझ्या जिवाची वाट लागली. त्या लिहितात, तुमचे भाऊ सकाळ-संध्याकाळ बंद घरात यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा असं ओरडत फिरतात. त्यांनी दाराला कान लावला, तर तू म्हणालास म्हणे, ये, घाल झडप! बाईंनी देवापुढे नारळ ठेवलाय.

भाऊ, वहिनी गेल्यापासून तू एकटा. त्यात मी हे लोढणं गळ्यात घातलं. चुकलंच माझं. येत्या रविवारी धाकू टोपली घेऊन येईल आणि टिकलीला घेऊन जाईल, कायमची. हट्ट करू नकोस. यांना सांगितलं तर म्हणाले, कवितेने डोकं फिरलंय, त्यात मांजराचा काय दोष.

काळजीत असलेली,
कुंदा

मुलुंड, रविवार, ता. २६ डिसेंबर १९५४

चि. सौ. कुंदा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

मी जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे. अगं वेडे, यमाचा म्हणजे य गण! एक लघू, दोन गुरू: य-मा-चा. चारदा म्हटलं की भुजंगप्रयाताचा एक चरण. मास्तरांचा रूळ तेच वाजवायचा. तू सांगितलंस तसा नाड्याला बोळा बांधला, पण नुसता ओढला तर टिकली ढुंकून पाहीना. मग लघूला छोटा झटका, गुरूला लांब ओढ, असा तालावर ओढला. कुंदा, ती उठली आणि भुजंगासारखी वळत बोळ्यामागे निघाली! झडप घालायला मी तिला बोलावत होतो, त्या रेडेवाल्याला नव्हे.

आता अभ्यास पुढे गेलाय. मंदाक्रांतेच्या पहिल्या चार गुरूंना बाईसाहेब डोळे मिटतात. पुढचे पाच लघू धडाधड आले की माझ्या धोतरावर उडी. शार्दूलविक्रीडित तर नावातच वाघाचा खेळ, त्यात लोणच्याची बरणी गेली. दमते, दूध-भाकरी चाटूनपुसून खाते, माझ्या पायाशी घोरते. सुगंधाबाईंना घरात बोलावून दाखवलं. म्हणाल्या, मांजराक कळता, माका काय कळाक नाय.

तिला धाकूच्या होडीवर धाडू नकोस गं. उन्हाळ्यात तुझी तुला परत देईन. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या वृत्तात चूक काढणारं या घरात कोणी नव्हतं. ही एक लघू चुकला तर बोळा सोडून पाठ फिरवून बसते. धाकू आला की रिकाम्या टोपलीत हेच पत्र ठेवून देईन. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

भाऊ

ता. क. दार वाजलं. टिकलीला माळ्यावर ढकलून भीत भीत कडी काढली, तर धाकू नव्हेच. गळ्याभोवती मफलर गुंडाळून, हातात सुकटाची पुडी घेऊन साक्षात जयवंतराव! धाकूला त्यांनी परस्पर नको म्हणून सांगून टाकलंय, आणि तुला अंधेरीला चष्मा दुरुस्त करायला जातो असं सांगून निघालेत. दम्यामुळे आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणतात, ते यमाचा की काय ते एकदा करून दाखवा, ती उडी मारते का बघू. कुंदाला मात्र यातलं काही कळवू नका, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. तेव्हा कळवत नाही.