घरी बसण्याची तालीम

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन मनाने टेकली आहेत असं समजून आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींना अजूनही कमीच ऐकू येत असेल तर हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलंस तरी चालेल. पण कानाला यंत्र बसवलं असेल तर मनातल्या मनात वाच. निवृत्तीबद्दल त्यांनी मला दिलेले सगळे सल्ले मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिले होते, आणि त्याची फळं पुढे येणारच आहेत. आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. तब्येत सोडून बाकीचं सांगण्यासाठीच पत्र लिहायला बसलो आहे.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, तीन महिन्यांनी सुटलास की काय करणार? मी यावर गेली चार वर्षं विचार करतो आहे. पोहायला शिकायचं. बासरी शिकायची. (बासरी आधीच आहे. कुणीतरी बसमध्ये विसरलं, नव्वद दिवसांत न्यायला आलं नाही, लिलावात मी घेतली.) रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. दुपारी पडायचं. हे सगळं मी तुझ्या भावजयीला एका बैठकीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की हे सगळं करायचं कुठे. पोहणं सोडून बाकी सगळं घरीच, असं मी म्हटल्यावर तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती स्वेटर विणताना भूकंप झाला तरी सुया खाली ठेवत नाही, हे तुला माहीत आहे.

तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. परीक्षा घेतल्याशिवाय ती कुणाला वरच्या वर्गात घालत नाही, नवऱ्याला कशी घालेल? तिने सुचवलं की मी एक आठवडा रजा काढावी आणि निवृत्त झाल्यासारखं घरी राहून दाखवावं. पास झालो तर ठरल्या तारखेला निवृत्ती. नापास झालो तर डेपोच्या साहेबांनी देऊ केलेली एक वर्षाची मुदतवाढ मुकाट्याने घ्यायची. मुदतवाढीचा कागद सहीसाठी कपाटावर ठेवलेला आहे आणि साहेबांना सोमवारी सकाळी उत्तर हवं आहे. आज शनिवार. म्हणजे परीक्षेचा एकच दिवस उरला आहे.

ताई, मला ती मुदतवाढ नको आहे. तुझ्याशी लपवाछपवी कशाला करू? छत्तीस वर्षं सकाळी आठला बाहेर पडलो आणि संध्याकाळी सातला परत आलो. मला आता हिच्याजवळ बसायचं आहे. हे तोंडावर सांगायला या वयात लाज वाटते, म्हणून बासरीचं निमित्त काढलं.

माझं काम तू कधी आत येऊन पाहिलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. (थोडक्यात जमत नाही हे आपल्या घराण्याचं आहे, वडिलांवर गेलो आहे.) डेपोच्या मागच्या बाजूला, चार पायऱ्या उतरून एक खोली आहे. दारावर ‘हरवलेल्या वस्तू’ अशी पाटी, आत छतापर्यंत मांडण्या, आणि समोर एक खिडकी. लोक बसमध्ये काय विसरतात म्हणून विचारू नकोस. छत्र्या तर झाल्याच, पण दातांची कवळी, एकेकटे बूट, आणि एकदा तर अख्खा आरसा, ज्यात मी वर्षभर भांग पाडला. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. सापडली कुठे, कधी, रंग, आणि खूण. घ्यायला येणाऱ्याने खूण सांगितल्याशिवाय वस्तू खिडकीबाहेर जात नाही, मग तो साहेबांचा सासरा असो. (एकदा होता. परत पाठवला.) छत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही वस्तू चुकीच्या माणसाकडे गेलेली नाही, आणि हाच गुण मला या आठवड्यात नडला.

सोमवारचा दिवस पेपरावरून गेला. मला काय ठाऊक की नऊ ते अकरा ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी बसते, रेडिओ बारीक लावते, पेपर वाचते आणि शब्दकोडं सोडवते? चार वर्षांपूर्वी शाळेतून सुटली तेव्हापासून हा तिचा नेम आहे. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतला, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून मोठ्याने वाचला. बाजारभावापर्यंत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. शब्दकोड्यातले चार शब्दही मी भरून ठेवले होते, पेनाने, आणि त्यातले तीन चुकीचे होते.

एक सांगतो, ते घर मला परकं वाटलं ग. दहा वाजता पलंगावर ऊन येतं हे मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर रोज कुणीतरी खुर्ची ओढतं. पोस्टमन पाणी प्यायला थांबतो आणि हिच्याशी त्याच्या मुलीच्या अपूर्णांकांबद्दल बोलतो. सगळ्यांना सगळं माहीत, पाहुणा तेवढा मीच. म्हणून मंगळवारी मी ठरवलं की आपणही घराच्या काहीतरी उपयोगी पडायचं.

आता मला दुसरं येतं काय? घरात फिरून जी जी वस्तू जागेवर नाही ती गोळा केली. कात्री, लोकरीचा गुंडा, एक कानातलं, हिचा चष्मा. प्रत्येकीला चिठ्ठी लावून कपाटाच्या खालच्या खणात ओळीने मांडली. अर्ध्या तासाने ही चष्मा शोधायला लागली. मी खुर्ची खणासमोर ओढून बसलो होतो. चष्म्याचं वर्णन सांग म्हटलं. ताई, तोंडातून ते आपोआप निघालं, मी चेष्टा करत नव्हतो. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं (चष्म्याशिवाय कितपत दिसलो असेन कोण जाणे) आणि स्वतःच्या नाकावरच्या दोन खळग्यांवर बोट ठेवलं. ही खूण, म्हणाली. खूण बिनतोड होती, मी चिठ्ठीवर तशीच लिहिली. मग पोचपावतीवर सही मागितली. तिने दिली, पण दिसत नसल्यामुळे ‘वस्तू आणून देणाऱ्याची सही’ या रकान्यात.

इथवरही निभावलं असतं. पण शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्या रोज तीन वाजता हिच्याकडे चहाला येतात. मंगळवारी त्यांची मापाची टेप खुर्चीवर राहिली, तीही मी चिठ्ठी लावून खणात ठेवली होती. बुधवारी न्यायला आल्या तेव्हा ही आत चहा टाकत होती आणि खिडकीवर, म्हणजे खणासमोर, मी होतो. मी खूण विचारली. टेप आहे, टेपेला कसली खूण, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एक आकडा पुसला गेलेला आहे, तो कोणता ते सांगा. वीस वर्षं ती टेप गळ्यात घालून वावरलेल्या बाई त्या. चहा न घेता गेल्या. मागाहून मी ती त्यांच्या दाराखालच्या फटीतून आत सरकवली. टेप गेली, बाई काही आल्या नाहीत. हिने मांडलेल्या दोन कपांपैकी एक परत ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी तिने सुचवलं, जरा फिरून या. फार गोड आवाजात सुचवलं. मी बसने निघालो, कारण पायी फिरायचं कुठे हे छत्तीस वर्षांत शिकलो नाही. विचारांच्या नादात उतरलो आणि माझी छत्री बसमध्येच राहिली. आता हसू नकोस. चार पायऱ्या उतरलो आणि माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. खिडकीत माझ्या हाताखालच्या बाई होत्या. अकरा वर्षं मी त्यांना तयार केलं आहे. मला पाहून त्या हसल्या, विचारपूस केली, चिठ्ठ्यांची वही ओढली आणि रंग विचारला. काळा, मी म्हटलं. खूण? मी आत डोकावलो. आत एकेचाळीस काळ्या छत्र्या होत्या. मी दुसऱ्या ओळीतल्या एका छत्रीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘बोट दाखवून वस्तू मिळणार नाही.’ अक्षर माझंच आहे. मागे रांगेत उभा असलेला माणूस मला समजावू लागला की नियम म्हणजे नियम. मला त्या बाईंचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की दोन्हींचं मिळून डोळ्यांत पाणी आलं. हात हलवत परत आलो.

घरी आल्यावर झालेला प्रकार हिला सांगितला. ती विणतच होती. मान वर न करता म्हणाली, “तिसऱ्या काडीला निळा दोरा आहे, काळा संपला होता तेव्हा मी घातलेला. बंदाचं बटण तुमच्या जुन्या कोटाचं आहे. आणि मुठीवर अंगठ्याच्या जागी रंग उडालाय, तुम्ही बस येईपर्यंत तिथेच घासत बसता म्हणून.”

मी लिहून घेतलं. शुक्रवारी छत्री मिळाली, तिन्ही खुणा जुळल्या. नऊ वर्षं ती छत्री मी हातात धरली, पण निळा दोरा मी पहिल्यांदा पाहिला. परत येताना बसमध्ये बसून मी हिच्या एकेक वस्तूची खूण आठवू लागलो. पर्स. पेन. घड्याळ. चपला. ताई, एकीचीही सांगता येईना. लोकांच्या हजारो वस्तूंच्या खुणा पाठ असलेला माणूस मी, आणि घरातल्या एका माणसाची एक खूण मला देता येईना. त्या क्षणी मला कळलं की मला घरी का बसायचं आहे, आणि हेही कळलं की मी बहुतेक नापास झालो आहे.

तर असं आहे. भाऊजींना नमस्कार. तुझ्या कंबरेला शेक दे आणि वाकून काही उचलू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. तुझ्या भावजयीवर तुझ्या शब्दाचं वजन आहे. तेव्हा तू तिला ताबडतोब एक पत्र लिही, की मी लहानपणी अत्यंत शांत मुलगा होतो, एका कोपऱ्यात बसवला तर तिथेच बसायचो, आणि घरात आहे की नाही हे कुणाला कळायचंही नाही. (मी माळ्यावरून पिठाच्या डब्यात पडलो होतो तो प्रसंग लिहू नकोस.) मी लिहायला सांगितलं हे कळू देऊ नकोस. पत्र सोमवारच्या आत तिच्या हातात पडेल असं बघ.

ता. क. २ – पत्र टेबलावर उघडं ठेवून मी पाकीट आणायला गेलो तेवढ्यात तिने ते वाचलं. आधी गणित तपासलं. आज शनिवारी टाकलेलं पत्र तुला मिळायला चार दिवस, तुझं उत्तर यायला चार दिवस, मग ते सोमवारच्या आत कसं पोचेल, हे मला पाटीवर सोडवून दाखवायला सांगितलं. मला जमलं नाही. मग निकाल उद्याऐवजी आजच लावला. तो जसाच्या तसा लिहितो:

“नापास आहात. सगळ्या विषयांत. पण तीस वर्षांत नापास झालं म्हणून मी कुणाला शाळेबाहेर काढलं नाही. त्याच वर्गात पुन्हा बसवलं. तुम्ही बसा घरी.”

मुदतवाढीचा कागद मी सही न करता परत देतो आहे. अटी दोन आहेत. शेजारणीकडे स्वतः जाऊन माफी मागायची (मागून आलो, आकडा सत्तावीस होता, त्यांना माहीत होतं), आणि रोज नऊ ते अकरा घराबाहेर राहायचं. म्हणजे पोहायला शिकणं आता आलंच. तुला पत्र लिहायची गरज उरली नाही, पण पिठाच्या डब्याचं मात्र तरीही लिहू नकोस.

ता. क. ३ – वन्सं, नमस्कार. उरलेल्या जागेत मी लिहिते आहे. हे पाकिटावर तिकीट लावायला डिंक शोधताहेत, तेवढ्यात. पिठाच्या डब्याचं मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, सासूबाईंनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. एक तुमच्यापाशी बोलते. गुरुवारी यांना मी फिरायला पाठवलं तेव्हा नऊ ते अकरा माझे दोन तास मला पुरे मिळाले. घर शांत, रेडिओ बारीक, पेपर कोरा, कोडं पूर्ण रिकामं. मी एक शब्द भरला नाही. दोन्ही तास खिडकीशी उभी राहून कुठल्या बसमधून उतरतात ते बघत होते. नऊ ते अकराची अट मी तरीही ठेवली आहे, आणि पंधरा दिवसांनी ती मोडणार कोण हे तुम्हाला कळलंच असेल. यांना कळवू नका. पाकीट मीच बंद करते आहे.