गेट: एकूण अर्थ सव्वीस

सोमवार, ३ मार्च
एक्स्पोर्टचे प्रमुख फेर्नां एकदाचे रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीमागच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. फ्रान्समधल्या त्येर गावातल्या आमच्या चाकूंच्या कारखान्यात त्या खुर्चीला लायक माणूस एकच, आणि तो हे लिहितोय. अडचण एवढीच की गेल्या वर्षी कारखाना शेफिल्डच्या इंग्रजांनी घेतला. इंटरव्ह्यू वीस तारखेला, इंग्रजीत. इंग्रजी म्हणजे तरी काय? आमचीच फ्रेंच, उच्चार बिघडवलेली.

बुधवार, ५ मार्च
शब्दकोश उघडला. ‘गेट’ला सव्वीस अर्थ. मिळणे, आणणे, समजणे, पोचणे, होणे, पकडणे... लाज कशी वाटत नाही? आमच्याकडून ऑब्टेन नेलं, रिसीव्ह नेलं, कॉम्प्रिहेंड, अराइव्ह, सगळं नेलं. वापरायला काढतात काय, तर गेट. नवी भांडी फडताळात आणि स्वयंपाक एकाच जळक्या पातेल्यात.
संकल्प: हा शब्द तोंडाला लावणार नाही.

गुरुवार, ६ मार्च. दुपार
डायरेक्टर पिकर्सगिल साहेबांच्या केबिनमध्ये होतो. सगळा फ्रान्स जेवायला बसलेला असताना हा गृहस्थ टेबलावरच थंड सँडविच चावतो. दारावर टकटक झाली. साहेब फोनवर. मला म्हणाले, गेट द डोअर. दार मिळवा. तडक सुताराकडे गेलो, माप, लाकूड सगळं ठरवलं आणि साहेबांना कळवलं की ओकचं दार तीन आठवड्यांत होईल. ते चष्मा काढून पुसायला लागले. असा उरक त्यांच्या देशात नसावा.
डिस्पॅचमधली ओदील म्हणाली, ते दार उघडायला सांगत होते. ही तरुणपणी लीड्सला कुणाची तरी मुलं सांभाळत होती, तेवढ्यावर इंग्रजी येतं म्हणते. उघडायचं होतं तर उघडा म्हणायचं.

मंगळवार, ११ मार्च
धोरण बदललं. त्यांचं सगळं एका शब्दात भागतं, तर मी बाकीचे शिकून डोकं कशाला शिणवू? आजपासून फक्त गेट. रात्रीच्या जेवणात मिरेयकडे चीज मागितलं: गेट. तिने पाव दिला. बायकोला भाषेची जाण नाही.

शुक्रवार, १४ मार्च
मोठा दिवस. साहेबांनी विचारलं, हाउ आर यू गेटिंग ऑन. अर्थ क्रमांक अकरा, वाहनात चढणे. मी म्हणालो, दोन नंबरची बस, चर्चसमोरून. ते डोळे मिटून हसले. जवळीक वाढतेय.
नंतर जिन्यात ते कपाळ चोळत ओदीलला सांगताना ऐकलं: ही रिअली गेट्स टू मी. क्रमांक चार, पोचणे. मी त्यांच्या मनापर्यंत पोचतो! ओदील खाली बघत होती. जळते बिचारी.
मिरेयला सांगितलं, तीस तारखेच्या रविवारी तुझ्या भावाला जेवायला बोलाव. तो मला गेली बावीस वर्षं ‘उपप्रमुख’ म्हणतो, आणि ते कसं म्हणतो ते मला चांगलं कळतं.

बुधवार, १९ मार्च
ओदीलनेही अर्ज केलाय म्हणे. करू दे. दुपारी मला थांबवून म्हणाली, एक तासभर बसूया का, उद्या प्रश्न नीट ऐका, घाई करू नका. प्रतिस्पर्धी शिकवायला येतो म्हणजे घाबरलेला असतो. नकार दिला. सौजन्याने.

गुरुवार, २० मार्च
चाळीस मिनिटं. एकसष्ट वेळा गेट. मोजले. ग्राहक कसे सांभाळाल? मी म्हणालो, आय गेट कस्टमर, कस्टमर गेट द नाइफ, ऑल गेट हॅपी. शेफिल्डहून आलेल्या बाईंनी रुमालात तोंड लपवलं. भावनावश झाल्या.

शुक्रवार, २१ मार्च
साहेबांनी बोलावलं. अगदी हळू म्हणाले, यू डिडंट गेट इट. तुम्हाला समजलं नाही. मला! राग गिळला आणि सगळी योजना फळ्यावर काढून पुन्हा समजावली, वीस मिनिटं. त्यांनी तेच वाक्य आणखी हळू म्हटलं. वर, ओदील गॉट इट. समजलं असेल तिला. हाताखाली समजूतदार माणूस असलेला बराच. शेवटी माझा हात धरून सॉरी म्हणाले. इंग्रजाने माफी मागितली. मी माफ केलं.
नेमणुकीचं पत्र तेवढं सोमवारी मिळेल. मिरेयला तसं सांगितलं.

सोमवार, २४ मार्च
आठ वाजता सामानाचं खोकं घेऊन प्रमुखाच्या खोलीत गेलो. खुर्चीत ओदील. ती उठली, दार लावलं.
“वियालार, इथे गेट म्हणजे मिळणं. ही जागा तुम्हाला नाही मिळाली, मला मिळाली. शुक्रवारी तुम्ही फळ्यावर लिहीत होतात ना, मी बाहेरच उभी होते. आत यायचा धीर नाही झाला.”
तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्यांना माझ्याकडे उत्तरं असतात. खोकं उचलून परत जुन्या टेबलाशी आलो. ऑफिसातल्या चौघांनी पाहिलं आणि चौघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं. फार वाईट वाटलं.
संध्याकाळी मिरेय दारातच उभी होती. “मिळालं?”
“समजलं,” मी म्हणालो.