घाऱ्या डोळ्यांची नोंद

बेळगाव,
३ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास,
पारमिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

“तुज्या बापाचं डोळं माज्या घरात कुठनं आलं, तेवढं सोडून काय बी इचार.” कोंडाआज्जी मला हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. उंबऱ्यात बसून ती विड्या वळत होती. तिनं कात्री त्या निळ्या पत्र्याच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि विषय मिटला. इतकी वर्षं मी विचारलं नाही. आता तुलाच विचारते, कारण आप्पांचे घारे डोळे आपल्या घरात फक्त तुझ्याकडे आले.

आपली अक्षरा शिकायला डेन्मार्कला गेली, तेव्हा त्या डब्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन गेली. झाकणावरची अक्षरं तिकडच्या एका गावाच्या नावाची निघाली. आत खिळ्यानं कोरलेलं ‘एरिक’ तुला आठवत असेल. त्या गावच्या चर्चच्या जुन्या वह्या आता घरबसल्या वाचता येतात म्हणे. पोरगी हट्टी, मामावर गेलीय. तिनं एरिक शोधला आणि त्याची नात इंगरही शोधली. इंगर सांगते, तो यंत्रं जोडणारा कारागीर होता, १९३८ पासून दोन वर्षं निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. आज्जी तिथंच तंबाखू निवडायला जायची.

मग मी तुला न सांगता निपाणीला येऊन कागद काढले. शामूआजोबा १९३७ साली पटकीनं गेले. आप्पांचा जन्म शाळेच्या रजिस्टरात जुलै १९४० चा आहे आणि बापाच्या रकान्यात शामूच. शाळेतला कारकून सहज म्हणाला, की हाच उतारा १९९४ साली बुद्धप्रिय नावाच्या गृहस्थांनी नेलाय. अण्णा, तीस वर्षं तुला ठाऊक होतं?

आणखी एक. धम्मचक्र दिनाला तू येऊन गेलास, तेव्हापासून आज्जीचा डबा माझ्या कपाटात नाही. तुझं नाव घ्यायला जीभ रेटत नाही, पण दुसरं नाव सुचतही नाही.

हे व्हॉट्सॲपवर लिहीत नाही. तुझा मोबाईल तुझ्याआधी सूनबाई वाचते. वहिनींना जयभीम. उत्तर कडू आलं तरी चालेल, लोभ मात्र काढून घेऊ नकोस.

तुझी,
पारमिता

निपाणी,
११ नोव्हेंबर २०२४

चि. पारमितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. सूनबाई लाईटबिल समजून फोडत होती, हातातनं ओढून घेतलं.

डबा मी नेलाय. चोरी म्हण हवं तर. परत मागू नकोस.

व्हय, मला माहीत होतं. मी शाळेत होतो तेव्हापासनं; तू पाळण्यात होतीस. शाळेतली पोरं मला वखारवाल्याचा नातू म्हणायची, कारण वखारीच्या मालकाचे डोळे घारे. गावानं दुसरे घारे डोळे बघितलेच नव्हते. सोळाव्या वर्षी मी त्या वखारीच्या दारावर दगड मारला. त्यानंतर त्या गल्लीत पाय ठेवला नाही. बँकेत नोकरीला असताना रोज लांबचा वळसा घेतला. काळा चष्मा तेव्हापासूनचाच. लग्नाच्या फोटोतसुद्धा गॉगल, म्हणून तुम्ही हिरो हिरो करून हसायचा. मी हसू दिलं. उतारा काढला तो मालकाच्या पोरासमोर धरायला. धीर झाला नाही.

आता तू सांगतेस, मालक नव्हता, गोरा होता. बळजोरी करणारा गोरा निघाला म्हणून आज्जीचं दुःख हलकं होतं काय गं? चर्चच्या वहीत ते लिहिलंय? आणि चौऱ्याऐंशी वर्षांनी त्या बाईला आपण कशाला पाहिजे? फुकट नातं कोण जोडत न्हाय. अक्षराला सांग, आपला एक कागद, एक फोटो द्यायचा न्हाय. आज्जीचं नाव तिकडं गेलं, तर माझ्याशी बोलू नकोस.

थंडी सुटलीय. दम्याचा पंप पर्समध्ये ठेवत जा. रागानं लिहिलंय, पण माया तीच आहे.

तुझा,
अण्णा

बेळगाव,
२० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दगडाची गोष्ट मला माहीत नव्हती. चष्म्यावरून केलेली एकेक थट्टा आठवली आणि लाज वाटली.

बळजोरीचा संशय मलाही आहे. एरिकची बाजू मी घेत नाही. आज्जीच्या पोटात आप्पा असताना तो निघून गेला आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाही. अक्षरानं इंगरला हे तोंडावर विचारलं. ती म्हणाली, मलाही ठाऊक नाही, म्हणूनच तर शोधते आहे.

आज्जीचं नाव तिकडं जायला नको म्हणतोस. ते कधीच गेलंय, अण्णा. इंगरनं चर्चच्या वहीतल्या एका पानाची प्रत पाठवली. १९४७ साली एरिकनं आपल्या लेकीचं नाव नोंदवलं, त्यात दुसरं नाव ‘कोंडा’. त्या देशात असलं नाव नसतं. पाद्र्यानं समासात प्रश्नचिन्ह काढलंय. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, हिंदुस्थानातल्या एका नदीचं नाव आहे. ती लेक म्हणजे इंगरची आई. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि ती नदी नकाशात शोधून शोधून थकल्या आहेत.

यावरून आज्जीवर काय गुदरलं ते कळत नाही. पुरुष पोरीला काहीही नाव देतील, असं तू म्हणशील. पण नकोशी वस्तू घरात ठेवणारी बाई ती नव्हती. सासरची पितळी भांडी तिनं एका सकाळी मोडीत घातली होती. हा डबा मात्र पन्नास वर्षं रोज हाताळला. आणि तूसुद्धा तो नेऊन भंगारात टाकला नाहीस. परत मागू नकोस, असं लिहिलंस.

कोंडाबाई, म्हणजे तिकडच्या, आता अंथरुणाला आहेत. त्यांना उतारे नकोत, रक्ताची तपासणी नको, आणि बळकावण्यासारखं आपल्याकडे आहे तरी काय! बापाचे डोळे त्यांच्यात उतरले नाहीत, ते एकदा बघायचे आहेत, एवढंच त्या इंगरला म्हणाल्या. ते डोळे आता या जगात तुझ्याकडेच उरलेत.

म्हणून मागते. वखार बंद पडून बरीच वर्षं झाली, मालकाचं घरही आता तिथं नाही. एका सकाळी त्या गल्लीत जा, त्या दारात उभा राहा, चष्मा काढ आणि सूनबाईला एक फोटो काढू दे. तू नाही म्हणणार, हे पाकीट चिकटवायच्या आधीच मला माहीत आहे. म्हण. पण त्या नाहीतही लोभ असू दे, आणि नाही लिहायला बसशील तेव्हा, अण्णा, निदान तेवढा वेळ चष्मा काढून ठेव.

तुझी,
पारमिता