डाव्या हाताचा ठोका

सोमवार, ४ मार्च

सेट आला! दोन पिशव्यांत अख्खा ड्रमसेट. एका खेपेत तिसऱ्या मजल्यावर. जुन्याला चार खेपा लागायच्या, वर तासभर कंबर धरून बसायचं. बास ड्रम एवढासा – मांडीवर मावेल! बायको म्हणाली, "अठ्ठावन्नाव्या वर्षी भातुकली आणलीत होय?"

हा घ्यायला लावला मास्तरीणबाईंनी. म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची संगीतकार, मोजूनमापून बोलते म्हणून हे नाव – फक्त इथे, कागदावर. तिचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. आठ गाणी करायचीत, सगळी हलक्या आवाजाची. आधी पहिलं वाजवून बघू, मग पुढचं. "काका, मला कुजबुजणारे ड्रम्स हवेत." तीस वर्षं ऑर्केस्ट्रात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बडवलं. कुजबुजायला कुणी सांगितलंच नव्हतं!

मंगळवार, ५ मार्च

खालच्या मजल्यावर नर्सबाई. त्यांची रात्रपाळी, झोप दिवसा. तेव्हा त्यांना विचारूनच सुरुवात. त्या खाली पलंगावर आडव्या, मी वर, दोघांचे फोन चालू. कातड्यांच्या जागी जाळी बसवलीय, त्यामुळे काठ्यांनी वाजवायचा स्नेअर ड्रम त्यांना ऐकूच गेला नाही. पायाने वाजवायच्या बास ड्रमचं मात्र – "अहो, तुमचा पाय माझ्या पलंगात येतोय!" आणि मग स्वतःच ओशाळून हसल्या. ड्रमखाली जुनी सतरंजी घातली, तिच्यावर रबरी चटई, पेडलला फडकं गुंडाळलं. "आता?" उत्तर नाही. "हॅलो?" बाई झोपल्या होत्या.

शनिवार, ९ मार्च

हळू वाजवणं महाकठीण. डाव्या हाताचा ठोका दोनदा पडतो. काठी पडते आणि लगेच मागून एक बारीक टक्. जोरात वाजवलं की नाही होत. सराव कमी पडतोय, दुसरं काय!

मंगळवार, १२ मार्च

रोज दोन तास बसतोय. टक् आहेच.

शनिवार, १६ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग. माइक इतके जवळ की श्वास घ्यायची चोरी. डावा हात सांभाळत तीनदा गाणं वाजवलं. तिने हेडफोन उतरवला. म्हटलं, आता खरडपट्टी.

"काका, डाव्या हाताने काय करताय हे? ठोक्याला सावली आहे!"

चारदा ऐकलं तिने. "कसं काढता?"

"सवयीनं," म्हणालो.

खोटं. पण उरलेली सात गाणीही माझी! जिना कधी चढलो कळलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

नर्सबाई सेट बघायला वर आल्या. चहा दिला तर कप बशीत खडखडला. त्यांनी सेट सोडून माझ्या हाताकडे बघितलं.

"हे कधीपासून?"

"सराव वाढवलाय. जाईल."

"सरावानं जाणारं नाही हे. उद्या माझी ड्यूटी संपली की दवाखान्यात या. मी थांबते."

शुक्रवार, २२ मार्च

डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला लावला. माझा गोल म्हणजे उंदराने कुरतडलेलं बिस्कीट. कंपाचा आजार. जिवावरचा नाही, पण हळूहळू वाढणारा. गोळ्या रोज, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत – हे दोनदा सांगितलं. नर्सबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी तिसऱ्यांदा.

बायकोला सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि किती तरी वेळ एकच पातेलं घासत राहिली.

मंगळवार, २ एप्रिल

गोळी लागू पडली! डावा हात गप्प. एक ठोका म्हणजे एकच ठोका. हे अक्षरसुद्धा बघा – बघणार कोण म्हणा! तासभर नुसता डाव्यानेच वाजवत बसलो.

मंगळवार, ९ एप्रिल

दुसरं गाणं. वाजवलं. "छान. पण ते नाही आलं, काका." पुन्हा वाजवलं. नाही. मुद्दाम दोनदा मारून पाहिलं – नक्कल वाटली, तिलाही आणि मलाही.

"ज्यासाठी तुम्हाला घेतलं तेच नाहीये यात." चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली. शुक्रवारी परत बोलावलंय.

गुरुवार, ११ एप्रिल

गोळी घेतली नाही. कालही नाही. बायकोने विचारलं तर "घेतली" म्हणालो. पाकीट खिशात घेऊन फिरतोय, चोरीचा माल असल्यासारखं.

शुक्रवार, १२ एप्रिल

पहिल्याच टेकला जमलं. "हेच! हेच!" म्हणत ती खुर्चीतून उठली. मीही हसलो. सेट आवरताना स्टँडचा नट काही केल्या बसेना. तिनेच बसवून दिला, बोलता बोलता, सहज.

संध्याकाळी जिन्यात नर्सबाई, कामावर निघालेल्या. "गोळ्या चालू आहेत ना?" "हो." माझ्या हातातली पिशवी थरथरत होती. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि खाली उतरून गेल्या.

जेवताना पाणी अर्धं पोटात, अर्धं शर्टावर. बायकोने टॉवेल आणून दिला.

सहा गाणी राहिली. सहा गाण्यांना किती गोळ्या चुकवायच्या?

शनिवार, १३ एप्रिल

सकाळी बायकोच्या समोर गोळी घेतली. मग मास्तरीणबाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. म्हणालो, तो ठोका माझा नव्हता, आजाराचा होता. तू दुसरं कुणी बघ.

पलीकडे वाजत असलेलं गाणं तिने बंद केलं.

"दोन्ही गाण्यांचे टेक पुसते," ती म्हणाली. "सोमवारी तुमचा ठोका घेऊन या."