चौथी सीट

३ ऑक्टोबर, शुक्रवार
झालं सुरू! बिश्केकहून नारिनला जाणाऱ्यांनी मोबाइलवर आधीच सीट धरायची. चार सीट भरल्या की गाडी सुटणार. अड्ड्यावर चौथ्या माणसाची वाट बघत कुडकुडायला नको. इतकं साधं अ‍ॅप.

मावशीने बोर्सोक, आमचे पिठाचे गोळे, तळले, सगळा गोतावळा बोलावला. प्रत्येकाने अ‍ॅप डाउनलोड केलं, वर माझ्या हातावर कोरुमदुकचे पैसे ठेवले – नवी सून पहिल्यांदा बघताना देतात तसे! दीडशेच्या वर माणसं झाली. माझ्या भागीदाराला, एल्झारला, कळवलं. अ‍ॅप बनवलं त्याने, बडबड माझी. ऑगस्टमध्ये तो अल्मातीला नोकरीवर गेला.

उत्तरात अंगठा आला. नुसता अंगठा.

४ ऑक्टोबर
एकाही माणसाने सीट धरली नाही.

९ ऑक्टोबर
स्टार्टअपच्या क्लासमध्ये ऐटीत आकडा सांगितला. आमच्या बाई, बेगिमाय-एजे, म्हणाल्या, "यातले नात्याबाहेरचे किती?"

मी यादी उघडून दाखवली. सगळी नात्यातली.

"अगं, ही सून बघायला आलेली माणसं. बघितली, ओवाळणी टाकली, निघाली. नारिनला कोण जाणार आहे यातलं?"

सगळे हसले. मीही हसले. खोलीवर येऊन रडले. आईसारखं कोणी जवळ असतं तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर
बाबांचा फोन. नारिनच्या शाळेत गणिताची जागा आहे, त्यांनी शब्द टाकून ती माझ्यासाठी अडवून ठेवलीय. "नोव्हेंबरच्या सुट्टीपर्यंत थांबतील. तोवर तुझं ते जमलं तर जमलं. नाहीतर ये बाई घरी."

हो म्हटलं. "जेवलीस ना?" त्यालाही हो म्हटलं. जेवले नव्हते.

१४ ऑक्टोबर
बसअड्ड्यावर गेले. पाठ केलेलं भाषण एका बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "ते असू दे. माझ्या शेजारी कोण बसणार, तेवढं सांग."

हे मला वर्षभरात सुचलं नव्हतं!

म्हातारे ड्रायव्हर जपार-बायके, म्हणजे जपारदादा, टपून बसलेले. "मोबाइलवर सीट धरणार आणि ऐनवेळी येणार नाहीत. मग रिकाम्या सीटवर काय तुला बसवून नेऊ?"

"नेलंत तर बरंच होईल, बायके."

हसले. गाडीतला चहा दिला. आज दिवसभरात माझ्याशी बोललेली माणसं ही दोनच.

१९ ऑक्टोबर
एल्झारला विचारलं, बदल करून देशील का? "वेळ नाही गं." बरं. स्वतःच शिकतेय. चुकतेय. अ‍ॅप दोनदा बंद पाडलं, कोणाला पत्तासुद्धा लागला नाही. बंद पडलेलं कळायला वापरणारं कोणी हवं ना.

२५ ऑक्टोबर
आता धरलेल्या सीटवर नाव दिसतं. बायकांना बाईशेजारची सीट मागता येते. न येणाऱ्याला पुढच्या वेळी सीट नाही.

रोज अड्ड्यावर जाते. भाषण बंद. वाट बघत बसलेल्यांशेजारी नुसती बसते, विचारलं तर दाखवते. जपार-बायके ओरडतात, "आली बघा आमची बिनपगारी कंडक्टर!" आवडतं मला ते.

३० ऑक्टोबर
दोन सीट धरल्या गेल्या! दोघी अनोळखी. पण गाडी काही भरली नाही, बिचाऱ्या दुपारपर्यंत अड्ड्यावर बसून राहिल्या. मी तोंड लपवून परत आले.

२ नोव्हेंबर
सर्दी. अड्ड्यावर गेले नाही. आकडे बघणंही सोडलं. बाबांना सांगितलं, येते. त्यांनी आनंद लपवला, माझ्यासाठी. ते जास्तच लागलं.

५ नोव्हेंबर
सामान बांधलं. एका बॅगेत मावलं सगळं. मावशीला अजून सांगितलेलं नाही. कोरुमदुक परत द्यायची पद्धत नसते, नाहीतर दिलं असतं.

६ नोव्हेंबर
उद्यापासून सुट्टी. निघायचं म्हणून अ‍ॅप उघडलं, निदान एकदा तरी आपणच वापरावं. जपार-बायकेंच्या गाडीवर बोट ठेवलं.

"गाडी भरली आहे."

हे वाक्य मीच लिहिलेलं. आजवर कधी दिसलंच नव्हतं. चारही नावं वाचली. नात्यातलं एकही नाही. पुढची गाडी बघितली. तीही भरलेली.

बाबांना फोन केला. म्हटलं, सीट मिळाली नाही.