इंटरनेटवर आमची दाळ मिल

११ जानेवारी २००८, जालना
सुरू झाली! सर्चमध्ये 'मिनी दाल मिल' टाकलं की उजवीकडं आपली जाहिरात. कारखान्याचं नाव, खाली जालना. मी खुर्चीवरून उठलेच. नुसती दिसली तर फुकट, कुणी क्लिक केलं तरच पैसे कटतात. माझ्या भावानं, विनूनं, पुण्याहून जाहिरातीचं खातं उघडून दिलं. बाकी सगळं फोनवर शिकवलं.
औरंगाबादच्या व्यापाऱ्यानं आपल्या कारखान्यातली दाल मिलची मशीन घेणं बंद केल्यापासून नवऱ्याचं, संजयचं एकच चाललंय, कारखाना बंद करून स्टील कंपनीत नोकरी. मी आधी सासऱ्यांना धरलं. "अण्णा, एक संधी द्या." अण्णा हो म्हणले. संजय म्हणाला, "फेब्रुवारीपर्यंत बघू. मंग मी चाललो."

१५ जाने.
क्लिक भरपूर. गिऱ्हाईक एक न्हाई. अण्णा फोन आपटून, "विद्या, लोक मला दाळीचा भाव विचारून राह्यलेत. मी काय किराणा दुकान घातलंय?"

१६ जाने.
सापडलं!! लोकांनी काय टाइप करून आपल्यावर क्लिक केलं ते खात्यात दिसतं. दाल फ्राय कशी करतात. दाल मिलमध्ये नोकरी. आजचा भाव. अरे देवा. रेसिपी, नोकरी, भाव, जुनी... सगळे शब्द वगळले. ते असले की आता आपली जाहिरात दिसणारच नाही.
दुसरी चूक आपलीच. क्लिक केलं की आपल्या पानावर गणपती, सरकती अक्षरं, हार्दिक स्वागत. मशीन कुठंय? आता थेट मशीनचा फोटो, घरच्या सिंगल फेज विजेवर चालतं, नि फोन नंबर. बास.

१९ जाने.
दुपारीच जाहिरात गायब. दिवसाला ठरवलेले पैसे संपले, फोन मात्र नाही. विनू म्हणे, क्लिक जालन्यातूनच दिसताहेत.
संध्याकाळी अण्णा एकदम खुशीत. जुन्या जालन्यातल्या नेट कॅफेत दोस्तांना जाहिरात दाखवून आल्ते. "प्रत्येकाला दाबून दाखवली. बराबर उघडती!"
"अण्णा, दर दाबण्याला आपलेच पैसे जातात."
"असं का? पोपटरावानं तर दोनदा दाबली."
आधी डोक्याला हात लावला, मंग हसू आवरेना. जालना शहर वगळून टाकलं.

२४ जाने.
खरे फोन! लातूर, यवतमाळ, हिंगोली. बहुतेक बचत गटाच्या बाया. अण्णा त्यांना हॉर्सपॉवर सांगतात, त्या गप्प होतात. म्हणून फोनपाशी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, बसवलं. तूर कशी भिजवायची, तेल किती चोळायचं, ऊन किती द्यायचं... बाया फोन ठेवतच नाहीत. आत्याबाई फोनपाशी असतील तेवढ्याच वेळात जाहिरात दिसेल असं लावून टाकलं.
जाहिरातीची दोन वाक्यं आलटूनपालटून चालू आहेत. संजयचं 'मजबूत बांधणी, वाजवी किंमत'. आत्याबाईंचं 'घरची तूर, घरीच दाळ'. क्लिकमध्ये आत्याबाईंचं वाक्य लई पुढं! संजयनं गाल फुगवले.

६ फेब्रु.
काल यवतमाळला मशीन गेलं. संजय म्हणे एका मशीनवर कारखाना चालतो का. खरंय ते.
पण आज! गुलबर्ग्याकडच्या एका गावातून महादेवीबाईंचा फोन. त्यांच्या मुलीनं कॉलेजात नेटवर आपलं पान पाहिलं. आसपासच्या सगळ्या गटांना मशीन पाहिजेत. आत्याबाईंचं माहेर बिदरकडचं, लगेच तिकडची दखनी हिंदी सुरू. "तुमे लोगां तूर कित्ती देर भिगाते जी?" फोन ठेवून म्हणल्या, "त्यांच्या गावात, त्यांच्याच तुरीवर मशीन चालवून पाह्यचंय म्हणं. सोमवारी या म्हणल्या."
सोमवारीच संजयला त्या स्टील कंपनीत रुजू व्हायचंय, पत्र आलंय. 

१० फेब्रु., रविवार
टेम्पोत मशीन चढवलं. अण्णा, आत्याबाई तयार, रात्री बिदरला मुक्काम. मी संजयचा कंपनीसाठीचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो कारखान्याच्या कपड्यात बाहेर आला, हातात पान्यांची पेटी.
"मशीनचा बेल्ट उतरला तर अण्णांना वाकता येतं का? मी जाऊन राह्यलो."
"अहो, नि कंपनी?"
"सांगितलं त्यांना. ते म्हणले, जागा धरून ठेवणार न्हाई."
नोकरी तर गेली. तरी नाचावंसं वाटलं. टेम्पो वळेपर्यंत उभीच.

११ फेब्रु.
घरात मी एकटी, फोनपाशीही मीच. सकाळी जाहिरातीत गुलबर्गा, बिदर आणि लागूनचे आंध्रातले जिल्हे टाकले. दुपारच्या आत फोन. तेलुगू! मला एक शब्द कळंना. मी म्हणलं "मशीन?" तिकडून "मशीन, मशीन!" दोघंही हसत सुटलो. नंबर लिहून घेतला. तेलुगू येणारं कोण आहे आपल्यात?
आत्ता संजयचा फोन. "चालू केलं. ऐक." मोबाईल मशीनजवळ धरला असणार. घरघर, बायांचा गलका, त्यात आत्याबाई, "हौर डालो, हौर डालो!" म्हणजे अजून टाका. मंग खडखड, संजय ओरडला, "थांबा थांबा, दाळ बघा..." आणि लाईन कटली.
तेव्हापासून लावून राह्यले. लागंना. अजून एकदा लावते, दाळ कशी पडली तेवढं कळू दे.